ऐंशी हजारांची चाकं घेण्याआधी

सांगलीहून एका मुलाने विचारलंय: "सर, वय २४, वजन ७२ किलो. रोड बाइकलाच एरो बार (पुढे झुकून हात टेकवायचे दांडे) लावून टीटी, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत, मारतो. मागच्या वेळी सपाट रस्त्यावर ४० किमीला ६३ मिनिटं लागली, सरासरी २४५ वॅट. वडील ८० हजार द्यायला तयार आहेत. डीप रिमची चाकं घेऊ की एरो हेल्मेट आणि स्किनसूट? आणि विंड टनेलशिवाय (वारा सोडून हवेचा विरोध मोजायच्या बोगद्याशिवाय) फरक पडला की नाही हे कळतं का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. कळतं. पण त्यासाठी आधी एक कंटाळवाणं काम करावं लागतं, आणि माझ्याकडे फिटिंगला येणारे बहुतेक जण नेमकं तेच टाळतात. वस्तू आधी येते, मोजमाप नंतर. आणि वस्तूला एकदा पैसे मोजले की मोजमापही तिच्याच बाजूने बोलायला लागतं.

आधी तुझ्याच आकड्यांत काय दडलंय ते बघू. ६३ मिनिटांत ४० किमी म्हणजे ताशी ३८.१ किमी. २४५ वॅटमधले तीनेक टक्के चेन खाते. तू, सायकल, कपडे, बाटली मिळून ८२ किलो आणि मध्यम प्रतीचे टायर धरले, तर टायरच्या घर्षणात चाळीस-पंचेचाळीस वॅट गेले. उरलेले जवळपास १९५ वॅट तू फक्त हवा बाजूला सारायला खर्च केलेस. सांगलीच्या उंचीवर, २५ अंशांच्या आसपास, एक घनमीटर हवा साधारण १.११ किलो भरते. त्यावरून उलटा हिशोब केला की तुझा सीडीए ०.३० च्या जवळ निघतो.

सीडीए म्हणजे हवेला समोरून तू किती मोठा आणि किती बेढब लागतोस याचा एकच आकडा, चौरस मीटरमध्ये. हूड्सवर (ब्रेकच्या मुठींवर) हात सरळ ठेवून आरामात बसलेला माणूस ०.३५ ते ०.४० मध्ये असतो, ड्रॉप्समध्ये (हँडलच्या खालच्या वाकड्या भागात) ०.३० ते ०.३२, नीट बसवलेल्या टीटी पोझिशनमध्ये ०.२१ ते ०.२५. म्हणजे एरो बार लावूनही तू ड्रॉप्समध्ये बसल्यासारखाच चालला आहेस. वाईट वाटून घेऊ नकोस, ही चांगली बातमी आहे.

कारण ०.३० चा ०.२६ झाला, तर त्याच २४५ वॅटवर तुझे ४० किमी साधारण साडेसाठ मिनिटांत होतात. हीच अडीच मिनिटं पायांच्या जोरावर कमवायची म्हटलीस, तर सरासरी २७३ वॅट लागतील. २८ वॅट वाढवायला तुला किती महिने लागले होते ते तुझं तुला ठाऊक.

आणि हा ०.०४ बहुतांशी दुकानात मिळत नाही. सायकल आणि रायडर मिळून हवेचा जो विरोध होतो, त्यात साधारण तीन चतुर्थांश वाटा तुझ्या शरीराचा असतो. डॅन बिगहॅमचं उदाहरण मी सगळ्यांना देतो. गडी पेशाने इंजिनिअर, तेव्हा इनिओस या व्यावसायिक सायकल संघात एरोडायनॅमिक्सवर काम करायचा. १९ ऑगस्ट २०२२ ला स्वित्झर्लंडमधल्या ग्रेन्शेनच्या ट्रॅकवर त्याने तासाभरात ५५.५४८ किमी कापून कांपेनार्ट्सचा ५५.०८९ चा विश्वविक्रम मोडला. सात आठवड्यांनी त्याच ट्रॅकवर फिलिप्पो गान्नाने तो ५६.७९२ वर नेला. गान्नाची ताकद बिगहॅमपेक्षा कितीतरी जास्त. तरी दोघांमधलं अंतर तासाला सव्वा किलोमीटरच राहिलं, कारण बिगहॅमने वर्षानुवर्षं स्वतःलाच मोजून मोजून लहान केलं होतं.

आता मोजण्याकडे येऊ. विंड टनेल आपल्या आवाक्याबाहेरची गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला सायकलस्वारांसाठी टनेल आहे. आपल्याकडे आयआयटी कानपूरला मोठा टनेल आहे, पण तिथे कुणी सायकल घेऊन रांगेत उभं राहत नाही. तुझ्याकडे पॉवर मीटर आहे, स्पीड सेन्सर लावता येईल, आणि सांगलीच्या आसपास सपाट रस्ते आहेत. तेवढ्यावर भागतं.

रस्ता असा शोध: दीड-दोन किलोमीटरचा, पहाटे साडेपाचला रिकामा, डांबर एकसारखं, मध्ये किंचित खोलगट आणि दोन्ही टोकांना थोडा चढ असला तर सोन्याहून पिवळं. टोकाला वेग आपोआप कमी होतो आणि ब्रेकला हात न लावता वळता येतं. ब्रेक लावलास की ती फेरी बाद. ब्रेकमध्ये किती शक्ती गेली हे कुठलाही मीटर सांगत नाही. दोन्ही बाजूंना उभा ऊस असेल तर अजून चांगलं, वारा अडतो.

उसावरून आठवलं. तुमच्याच भागातल्या एका रायडरचे आकडे जानेवारीत अचानक तीन टक्क्यांनी बिघडले. पोझिशन तीच, कपडे तेच, टायर तेच. तीन सकाळी आम्ही डोकं खाजवत बसलो. चौथ्या दिवशी मी स्वतः गेलो तर रस्त्याच्या पश्चिमेचा ऊस तुटलेला, रान मोकळं, आणि वारा थेट अंगावर. दोष ना त्याचा ना मीटरचा.

वाऱ्याचं गणित करून दाखवतो, कारण "जाताना विरुद्ध, येताना पाठीशी, म्हणजे हिशोब फिटला" असं सगळ्यांना वाटतं. फिटत नाही. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. तू सेकंदाला १० मीटर वेगाने चाललास आणि वारा फक्त २ मीटरचा, तर जाताना हवा १२ ने लागते, येताना ८ ने. १४४ आणि ६४, सरासरी १०४. वारा नसता तर १००. चार टक्के चूक, आणि ती सुद्धा ताशी सात किलोमीटरच्या वाऱ्यात, ज्याला हवामानाचं ॲप "हलका वारा" म्हणतं. ॲपचा वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो आणि तुझ्या हँडलपाशी त्याहून कमी असतो हे खरं, पण साध्या हेल्मेटवरून एरो हेल्मेटवर गेलास तर मिळणारा फरकही बऱ्याचदा चार टक्क्यांहून कमीच असतो. म्हणून पहाटे. झाडाचं पान हलत असेल तर घरी जा आणि झोप.

दुसरा चोर म्हणजे सूर्य. हिवाळ्यात साडेपाचला १८ अंश, साडेसातला २४. तेवढ्यात हवा दोन टक्क्यांनी हलकी होते. आधी जुनं हेल्मेट, मग नवं, असं एकामागून एक तपासलंस तर नवं नेहमीच "दोन टक्के फास्ट" निघणार. मी स्वतः या सापळ्यात एक अख्खा सीझन अडकलो होतो आणि त्या जोरावर चार जणांना तेच हेल्मेट घ्यायला लावलं. त्यातले दोघं अजून भेटले की चिडवतात. आता प्रत्येक फेरीला तापमान लिहितो, आणि क्रम नेहमी जुनं, नवं, जुनं, नवं.

तिसरी गोष्ट अगदी क्षुल्लक वाटेल, पण ती फार जणांना फसवते. फोनवर दिसणारा हवेचा दाब समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो. ॲप म्हणतं १०१३ हेक्टोपास्कल. पुण्यात किंवा सांगलीत, साडेपाचशे मीटर उंचीवर, खरा दाब साडेनऊशेच्या आसपास असतो. तो १०१३ जसाच्या तसा भरलास की सीडीए सहा टक्के कमी दिसतो आणि माणूस उगाच खूश होतो. स्थानिक दाब भर, किंवा उंची टाकून सॉफ्टवेअरला काढू दे.

पॉवर मीटर फक्त डाव्या क्रँकवरचा (पेडलच्या दांड्यावरचा) असेल तर तेही सांग. तो डावा पाय मोजून दुप्पट करतो. पोझिशन बदलल्यावर डाव्या पायाचा वाटा ४९ वरून ५० टक्के झाला, तर प्रत्यक्षात काहीच न होता दोन टक्के वॅट वाढलेले दिसतील. दोन्ही पाय मोजणारे पेडल मित्राकडून आठवडाभर मागून आण. झीरो ऑफसेट, म्हणजे मीटर शून्यावर आणणं, प्रत्येक सेटच्या आधी. टायरची हवा रोज त्याच पंपाने, तेवढीच. चाकाचा घेर तक्त्यातून घेऊ नकोस. स्वतः सायकलवर बसून, व्हॉल्व्ह खाली ठेवून, जमिनीवर खडूने खूण करून पाच फेरे मोज आणि पाचने भाग.

फेऱ्या झाल्या की वॅट आणि वेगाच्या नोंदींच्या फायली हातात येतात. आता या फायलींचं करायचं काय. रॉबर्ट चुंग नावाचे, पेशाने लोकसंख्याशास्त्रज्ञ असलेले एक अमेरिकन गृहस्थ आहेत. त्यांनी काढलेली युक्ती आज जगभर वापरतात. पेडलमधून किती शक्ती आली हे माहीत आहे. त्यातून टायरचं घर्षण वजा कर, वेग वाढवायला लागलेली वजा कर, अंदाजाने धरलेल्या सीडीएप्रमाणे हवेची वजा कर. जे उरलं ते चढ चढण्यात गेलं असं समज. त्यातून रस्त्याचा एक काल्पनिक चढउतार तयार होतो. सीडीए खरा धरला असेल, तर प्रत्येक फेरीत तोच मैलाचा दगड त्याच उंचीवर दिसतो. कमी धरला असेल तर शिल्लक जास्त उरते आणि दगड प्रत्येक फेरीला वर वर सरकतो, जिन्यासारखा. दगड तर जागचा हललेला नाही. मग आकडा हलवत राहायचा, जिना सपाट होईपर्यंत. गोल्डन चीता या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एरोलॅब नावाचा भाग आहे, त्यात सरकपट्टी ओढली की हे डोळ्यांसमोर घडतं. पहिल्यांदा बघताना मजा येते. एक मात्र लक्षात ठेव, सगळ्या फेऱ्या एकाच वेगाने मारल्यास तर टायरचं घर्षण आणि हवा यांची वाटणी होत नाही. एकदोन फेऱ्या ताशी २५ ने, बाकीच्या ३८-४० ने मार.

आणि आता ते कंटाळवाणं काम. पहिल्या दोन सकाळी काहीही बदलायचं नाही. चार फेऱ्या मार, उतर, पाणी पी, हेल्मेट काढून तेच हेल्मेट परत घाल, पुन्हा चढ, पुन्हा चार फेऱ्या. असं तीन-चारदा. प्रत्येक सेटचा सीडीए वेगळा येईल: ०.२९८, ०.३०४, ०.२९५. हा जो पसारा आहे तो तुझ्या फूटपट्टीचा स्वतःचा डळमळीतपणा. तो दोन टक्के निघाला, तर दोन टक्क्यांहून छोटा कुठलाही फरक तुला दिसू शकत नाही, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो. सरावाने तो एक टक्क्यापर्यंत येतो. ट्रॅकवर हे सोपं जाईल असं वाटतं, पण पुण्यातला बालेवाडीचा ट्रॅक उघडा आहे, वारा तिथेही आहे. शिवाय बँकिंगवर (वळणाच्या तिरक्या उतारावर) झुकल्यावर चाक मोठं वर्तुळ कापतं आणि शरीर छोटं, त्याचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो.

फूटपट्टी कळली की पोझिशन. इथे घाई करू नकोस, सगळा माल इथेच आहे.

सायकल ट्रेनरवर (जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर) लाव, मागे पांढरी भिंत किंवा चादर. समोर पाच-सहा मीटरवर, छातीच्या उंचीला फोन ठेव, थोडा झूम करून. जवळून फोटो काढलास तर हात हत्तीएवढे दिसतात. तुझ्या वॅटवर पाच मिनिटं पेडल मार आणि व्हिडिओ घे. एक बाजूनेही घे. समोरच्या फोटोत तुझी बाह्याकृती किती जागा व्यापते ते बघ. हे क्षेत्रफळ म्हणजे सीडीए नव्हे, पण कुठली पोझिशन रस्त्यावर नेण्यालायक आहे हे त्यावरून गाळता येतं.

डोकं सगळ्यात आधी. बहुतेकांचं डोकं पाठीच्या रेषेच्या वर, खांबावरच्या मडक्यासारखं उभं असतं. खांदे कानांकडे आण, मान कासवासारखी आत ओढ, हनुवटी हातांच्या मागे लपव. नजर भुवयांच्या खालून रस्त्यावर. याला एक पैसा लागत नाही आणि बऱ्याच जणांना याचाच फायदा सगळ्यात जास्त होतो. पण मान दुखते. रोज ट्रेनरवर दोन मिनिटांपासून सुरू कर आणि हळूहळू वाढव.

मग हात. पूर्वी सगळे "खाली, अजून खाली" करत पॅड (कोपरं टेकवायच्या गाद्या) उतरवायचे. आता उलट चाललंय: पॅड थोडे वर, एक्स्टेन्शनची (हातात धरायच्या पुढच्या दांड्यांची) टोकं वर तिरकी, हात तोंडासमोर. हात आणि हनुवटी यांमधली फट बुजली की हवा छातीत न घुसता बाहेरून निघून जाते. कोपरं जवळ घे, पण किती जवळ ते फक्त रस्ता सांगेल. काहींना अरुंद केल्यावर वाईट आकडा येतो, कारण खांदे वर ढकलले जातात. २०२३ पासून यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेने एक्स्टेन्शनची लांबी आणि उंची रायडरच्या उंचीच्या तीन गटांप्रमाणे ठरवली आहे: १८० सेमीच्या आत, १८० ते १९०, आणि त्यावर. तुझा गट बघून मगच पाइप काप.

पाठ सपाट करण्याच्या नादात पोट आणि मांडी यांमधला कोन मरतो, आणि तो मेला की वॅट मरतात. एका मुलाने स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात स्वतःच पॅड चार सेंटिमीटर खाली घेतले. ट्रेनरवर फोटो झकास. स्पर्धेत पंधराव्या किलोमीटरनंतर मांडी पोटाला लागायला लागली, श्वास पुरेना, म्हणून डोकं वर आलं, मग सीटवर पुढे सरकला, मग हात पॅडवरून उचलून बेस बारवर, म्हणजे मुख्य हँडलवर, घेतले. शेवटचे दहा किलोमीटर तो रोड बाइकवर बसल्यासारखाच चालवत होता. फाइलमध्ये वॅट ठीक, वेग घसरत गेलेला. म्हणून प्रत्येक नवी पोझिशन आधी वीस मिनिटं टीटीच्या वॅटवर धरून दाखव, मगच ती मोजायला ने. कोन वाचवायचा सोपा मार्ग म्हणजे छोटे क्रँक. पाय वरच्या टोकाला कमी वर येतो. टूर द फ्रान्स जिंकणारा पोगाचारसुद्धा १६५ मिमी वापरतो, त्यामुळे "छोटे क्रँक म्हणजे कमी ताकद" ही भीती आता कुणी बाळगू नये. सीट तेवढी वर घ्यायला मात्र विसरू नकोस.

आता ८० हजार. सगळ्यात आधी टायर आणि लॅटेक्स ट्यूब. हे एरोडायनॅमिक्स नाही, पण घर्षणाचा गुणांक ०.००५ वरून ०.००३५ वर आला तर तुझ्या वेगाला १२-१३ वॅट वाचतात, तेही मान न दुखवता. पंक्चरची भीती असेल तर ते फक्त स्पर्धेसाठी ठेव.

मग कपडे. क्रिकेट बघतोस ना? बॉलच्या शिवणीमुळे हवा खवळते आणि खवळलेली हवा पृष्ठभागाला जास्त वेळ चिकटून राहते. स्किनसूटच्या बाह्यांवर उभ्या रेघा असतात त्या याचसाठी. दंडामागची पोकळी लहान होते. पण ही जादू वेगावर अवलंबून असते. ताशी ५५ ला चांगलं ठरलेलं कापड ३८-४० ला तितकंच चालेल असं नाही. महागड्या कापडापेक्षा मापाचा, सुरकुती नसलेला सूट घे. वापरलेला पण घट्ट बसणारा असला तरी चालेल. मोज्यांची उंची नडगीच्या मध्याच्या वर गेली तर कमिसेअर (शर्यतीचे पंच) अडवतात. आणि पाठीवरचा नंबर! हजारो रुपयांचा सूट घालून त्यावर चार पिनांवर फडफडणारा कागद लावलेले रायडर दर वर्षी बघतो. नंबर चोळून मऊ कर, कडा चिकटव, मित्राला मागून तपासायला सांग, तेही तू वाकून बसलेला असताना. उभं राहून लावला की वाकल्यावर फुगा होतो.

हेल्मेट विकत घेण्याआधी उसनं आण. एकाला तीन टक्के देणारं हेल्मेट दुसऱ्याला शून्य देतं, कारण त्याची शेपटी पाठीवर बसते की हवेत उभी राहते हे तुझ्या पाठीवर ठरतं. तीन वेगवेगळी हेल्मेट, तीन सकाळी.

चाकं शेवटी. पुढचं खोल रिमचं चाक चांगलंच, पण टायर रिमपेक्षा रुंद असला तर फायदा बराचसा वाया जातो. रिम टायरपेक्षा थोडी तरी रुंद हवी. आणि तुझ्या ७२ किलो वजनाला, ट्रकच्या झोतात, ८० मिमीचं पुढचं चाक हँडल हिसकावून घेतं. हात घट्ट झाले की मान वर येते, आणि चाकाने कमावलेलं मानेने घालवलं. ५० च्या आसपास थांब, तेही सेकंडहँड. माझं मत विचारशील तर या वर्षी घेऊच नकोस.

गटाच्या रेसबद्दल तू विचारलं नाहीस, तरी दोन वाक्यं. १२१ सायकलस्वारांच्या पेलोटॉनच्या (शर्यतीतल्या मोठ्या घोळक्याच्या) २०१८ च्या अभ्यासात बर्ट ब्लोकन यांच्या गटाला आढळलं, की मध्यभागी बसलेल्याला एकट्याने चालवणाऱ्याच्या ५ ते १० टक्केच हवा लागते. तिथे जागा पकडणं हेच एरोडायनॅमिक्स. आणि एकटा सुटलास तर ड्रॉप्समध्ये हात ताठ ठेवण्यापेक्षा हूड्सवर कोपरं काटकोनात वाकवून बसणं बरं. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात साध्या हँडलवर टेकवून बसणं २०२१ पासून बंद आहे.

काहीही न बदललेल्या त्या दोन सकाळच्या फायली, दोन्ही व्हिडिओ आणि सायकलसकट वजन पाठव. दगड कुठे सरकतोय ते मी बघतो. आणि कारखान्याची टोळी तुमच्या रानात यायच्या आत उरक.